भाऊसाहेबांचा डोळा

समोरचा जीव कितीही थयथयाट करत असो, माझ्या बायकोच्या मावशी त्याला दोन शब्दांत गप्प आडवं करू शकतात, हे आमच्या सगळ्या गोतावळ्यात सर्वमान्य होतं. मावशींचा उभा जन्म इंग्लंडातल्या इस्पितळांमध्ये लोकांना भूल देण्यात गेला. निवृत्त होऊन त्यांनी लंडनच्या टोकाला पिनरला घर घेतलं तेव्हा औषधं मागे राहिली, पण आवाज बरोबर आला. मला लंडनला नोकरी लागली आणि आम्ही नवराबायको त्यांच्या पलीकडच्याच रस्त्यावर राहायला आलो. पहिल्या रविवारी जेवणानंतर मी त्यांच्या सोफ्यावर बसून व्हिसाच्या कटकटींबद्दल तावातावाने बोलत होतो. मावशी म्हणाल्या, "काही होणार नाही. शांत पडा." मला जाग आली तेव्हा बाहेर अंधार पडला होता आणि माझ्या अंगावर रजई होती. त्यानंतरचे माझे बहुतेक रविवार असेच गेले.

मावशी लहानथोर सगळ्यांना अहोजाहो करत. त्या इंग्रजीत बोलल्या तरी ऐकणाऱ्याला आपल्याला अहो म्हटल्यासारखंच वाटे. बॉयलर दुरुस्त करायला आलेला आडदांड इंग्रज माणूस त्यांच्या दारात न सांगता बूट काढी आणि जाताना आपला चहाचा मग विसळून ठेवी. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घरात त्या सुती साडी नेसत, वर कार्डिगन आणि पायात जाडजूड लोकरी मोजे. मोटार इतकी सावकाश चालवत की मागच्या गाड्यांची रांग पार स्टेशनपर्यंत जाई, पण कुणी हॉर्न वाजवल्याचं मला आठवत नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. "राहून गेलं हो," एवढंच त्या सांगत आणि दुसऱ्याच्या पानात आणखी एक पोळी वाढत.

निवृत्तीनंतर त्यांनी शिह त्झू जातीचं एक कुत्रं आणलं. मूठभर जीव, पण आल्या आल्या खुर्चीवर चढून मामलेदारासारखं बसलं, म्हणून त्याचं नाव भाऊसाहेब. त्यालाही अर्थातच अहोजाहो. "भाऊसाहेब, जेवून घ्या. भाऊसाहेब, पोस्टमनवर असं ओरडू नये." भाऊसाहेब ऐकत नसे. मावशींचं न ऐकणारा तो माझ्या माहितीतला एकमेव सजीव.

एका उन्हाळ्यात भाऊसाहेब मांजरामागे गुलाबाच्या झाडात घुसला आणि त्याच्या उजव्या डोळ्याला काटा लागला. डाव्या डोळ्यात जन्मापासूनच फूल पडलेलं, त्यामुळे जे काही दिसे ते या एकाच डोळ्याने. व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, तरुण इंग्रज बाई होती. तिने डोळा तपासला आणि सांगितलं की बुबुळावरची जखम खोल आहे, दिवसभर थोड्या थोड्या वेळाने थेंब घालायचे, आणि आठवड्याभरात उतार पडला नाही तर डोळा काढावा लागेल.

थेंब घालायचा पहिला प्रयत्न मावशींनी आणि मी किचनच्या टेबलावर केला. व्हेटने दाखवलं होतं तसं टॉवेलमध्ये गुंडाळलं, तर तो दुसऱ्या टोकाने बाहेर आला. चीझ दाखवलं, तर चीझ खाऊन पळाला. मी धरलं आणि मावशींनी बाटली दाबली, तेव्हा एक थेंब त्याच्या कानात, एक कार्डिगनवर आणि एक माझ्या तोंडात पडला. तो कडू होता. माझ्या बायकोने फोनकार्ड खरवडून पुण्याला आईला विचारलं, तर आई म्हणाली, "कुत्र्याचं नंतर बघू, ताईची तब्येत कशी आहे?" शेवटी मावशींनी आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. भाऊसाहेबाच्या समोर वाकून त्याच सुरात म्हणाल्या, "काही होणार नाही. शांत पडा." मला जांभई आली. भाऊसाहेब सोफ्याखाली गेला.

मावशी खुर्चीत बसल्या. "जावईबापू, भाऊसाहेब आंधळे होतील हो," त्या म्हणाल्या. एवढ्या माणसांना ज्यांनी ऑपरेशनच्या आधी धीर दिला, त्यांना कसा धीर द्यावा हे मला कळेना. मी आपला सोफ्याखाली हात घालून बसलो.

थोड्या वेळाने त्या उठल्या. कपाटातून एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढलं आणि टर्रकन फाडलं. मोजे काढले, साडी गुडघ्यापर्यंत सरकवली आणि किचनच्या थंडगार फरशीवर भिंतीला टेकून पाय लांब पसरून बसल्या. "द्या त्यांना इकडे."

त्यांनी भाऊसाहेबाला लुगड्यात घट्ट बांधलं आणि दोन्ही पायांच्या मधल्या खोलगट जागेत उताणं निजवलं. आमच्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना घेतात, अगदी तसं. कपाळावरून अंगठा फिरवला. मग बाळाचं नाक काढतात तसं त्याचं नाक दोन बोटांत धरून हलकेच ओढू लागल्या. त्या जातीला मुळात नाकच नसतं. "लहानपणी कुणी लक्षच दिलं नाही यांच्या नाकाकडे," त्या पुटपुटल्या. टॉवेल, चीझ आणि आम्हा दोघांना पुरून उरलेलं ते कुत्रं डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत पडलं होतं. मावशींनी बाटली मुठीत धरून कोमट केली आणि थेंब बरोबर डोळ्यात टाकला. भाऊसाहेबाने पापणी मिटली आणि एक सुस्कारा सोडला.

देवळात उभं राहावं तसा मी फ्रिजला टेकून उभा होतो. "मावशी, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"पाठच्या भावंडांना आई असं घ्यायची. मी पाणी घालायचे," त्या बाटलीचं झाकण लावत म्हणाल्या. "तेव्हा नीट बघून ठेवलं होतं. म्हटलं, आपल्यालाही लागेल."



मग तो रोजचा सोहळाच झाला. ओव्याची धुरी दिली तेव्हा स्मोक अलार्म कोकलला आणि शेजारची म्हातारी हातात ब्लँकेट घेऊन धावत आली. भाऊसाहेबाला तर मावशी फरशीवर बसल्या की हाकही मारावी लागेना. आठवड्याने व्हेटने डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं. जखम भरली होती, नजर शाबूत होती. "इतकं नेमाने औषध घातलंत तरी कसं?" तिने विचारलं. मावशी खुर्चीऐवजी सरळ दवाखान्याच्या जमिनीवर बसल्या आणि करून दाखवलं. ती मुलगी शेजारी मांडी घालून बघत राहिली. आम्ही निघताना ती म्हणाली, आता औषध बंद करा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना मी त्यांच्याकडे डोकावलो. मागचं दार उघडंच होतं. मावशी फरशीवर पाय पसरून बसल्या होत्या. पायांवर लुगड्यात बांधलेला भाऊसाहेब झोपला होता आणि त्या त्याचं नाक काढत होत्या.

"मावशी, औषध बंद झालं ना?"

"झालं की. पण हे वेळ झाली म्हणून येऊन उभे राहिले. नाही कसं म्हणायचं?" नाकावरचं बोट न थांबवता त्या हळूच म्हणाल्या, "आणि मला तरी कुठे एकदम सोडवतंय."

मी पाठ फिरवून चहा टाकला. इलेक्ट्रिक किटलीचा फार आवाज होतो, म्हणून पातेल्यातच केला.