चैत्रगौरीपुढे चंपाची पेटी

चंपा बेळगावकडची, बिनलग्नाची. चोपन्न साली आरोग्यशिक्षिका म्हणून ती बंगळूरच्या कारखान्याच्या वसाहतीत येऊ लागली. पाणी उकळा, पोरांना देवी टोचून घ्या, बाळंतिणीला उपाशी ठेवू नका, हे सांगत दारोदार फिरायचं, हेच तिचं काम. मराठी घरात मराठी, कानडी घरात कानडी. वर्षभरात बायका तिला विचारल्याशिवाय लेकराला काढासुद्धा देईनात.

नीलाबाईंना हे बघवेना. आजवर वसाहतीतली डोहाळजेवणं, बाळंतपणं, पथ्यपाणी सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. आता बायका त्यांच्याकडे येत त्या एकादशी कधी आहे एवढंच विचारायला.

त्या चैत्रात जवळच्या येलहंक्याकडे देवीची साथ आली. चंपानं लस टोचायला बायकांना शनिवारी दुपारी वसाहतीच्या हॉलवर बोलावलं. नीलाबाईंनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू नेमकं त्याच दुपारी ठेवलं. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. आंब्याची डाळ वाढताना त्यांचा हात सैल सुटला होता.

तेवढ्यात चंपा लशीची पेटी घेऊन दारात.

"काय गं, हॉल सोडून इकडं?" नीलाबाईंनी विचारलं.

"तिथं नुसत्या खुर्च्या होत्या वो अक्का. खुर्च्यांना काय टोचू?"

बायका हसल्या. चंपानं कुंकू लावून घेतलं, पन्हं घेतलं, गौरीची आरास निरखली आणि मग पेटी उघडली. शेजारची राजलक्ष्मी कचरली. "गौरीसमोर सुई? देवी कोपली तर? नीलाक्का म्हणतील तसं."

सगळ्या नीलाबाईंकडे बघू लागल्या. 'नको' अगदी ओठावर आलं होतं. तेवढं म्हटलं की एकही बाई हात पुढे करणार नव्हती. पण साथ उंबऱ्याशी आलेली, आणि समोर गौर बसलेली. त्या गौरीपुढची समई सारखी करू लागल्या.

"सरी, बरं तर, अक्कांना सावकाश ठरवू दे," चंपा म्हणाली. "तोवर राजलक्ष्मी, तुम्ही बसा बघू." आणि तिनं राजलक्ष्मीचा दंड धरला.

नीलाबाई ताडकन उठल्या. "माझ्या घरात आधी तिला? सरक गं." खांद्यावरचा पदर सारून त्या पाटावर बसल्या. त्यांच्यामागे एकेक करत सगळ्या बसल्या.

पुढे चंपा नव्या शिक्षिकांना शिकवू लागली. हॉल मागू नका, आधी वस्तीतली नीलाक्का शोधा, असं ती त्यांना सांगते हे नीलाबाईंच्या कानावर आलं.

"बघा," त्या यजमानांना म्हणाल्या, "हळदीकुंकू माझं, डाळ माझी, दंड माझा, आणि बढती तिला."