तापातली मालिश

माझी पोरगी चार महिन्यांची असताना तिला ताप आला म्हणून मी तिला आमच्या चाळीच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेली. तिथे डॉक्टरने नाही, कंपाउंडरने इंजेक्शन दिलं, ढुंगणावर, आणि ती जी किंचाळली ना, ते अजून माझ्या कानात आहे. घरी आणली तर उजवं पाऊल लोंबतंय. तळव्याला गुदगुल्या केल्या तर डावा पाय आखडून घेते, उजवा तसाच पडलेला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. मी एकोणीस वर्षांची, सातवी अर्धी सोडलेली, मुलुंडला एका खोलीत एकटी. मालक कारखान्यात पाळीवर, सासू शिमग्याला गावी. विचारणार कोणाला? डॉक्टरकडे परत गेले तर तो म्हणाला, मालिशवालीने नस दाबली असेल, तुम्ही बायका पोरांना पिळून काढता. मी मान हलवली. डॉक्टर बोलला की मान हलवायची, एवढंच मला ठाऊक.

आमच्याकडे कुठली मालिशवाली? सासू जाताना सांगून गेली होती, पोरीची मालिश एक दिवस चुकवू नकोस. आणि ताप आला त्या दिवसापासून मी मालिश केलीच नव्हती. अंग इतकं कढत, आंघोळ घालायची पण भीती, नुसती ओल्या फडक्याने पुसून काढायचे. पण सासू गावाहून आली, पिशवी खाली ठेवायच्या आधी पोरीचा पाय बघितला आणि पहिला प्रश्न केला, "मालिश चुकवलंस नाय मां?"

मी म्हटलं, "नाही आई. रोज केली."

बस. तेवढं एक वाक्य. माझी सासू तोंडाने फटकळ, पण माझ्यावर कोणी बोट दाखवलेलं तिला चालायचं नाही. नळावर कोणी काही बोललं की ती पदर खोचून उभी, "माझ्या सुनेन एक दिस मालिश चुकवूक नाय!" सगळ्या चाळीला पाठ झालं ते. मी बाजूला हंडा भरत राहायचे.

मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. ते म्हणाले पायाची नस दुखावली, सुईने असेल नाहीतर दाबाने असेल. तिथे बाकड्यावर एक बाई भेटली, ट्रकखाली येऊन तिच्या नवऱ्याचा पाय गेलेला, तिने मला घाटकोपरच्या वकीलबाईंचा पत्ता दिला. मी म्हटलं, वकील? डॉक्टरवर? ती म्हणाली, जा तर खरी, ती बाई अपघातवाल्यांसाठी कोर्टात उभी राहते, ओरडत नाही पण सोडत पण नाही.

वकीलबाईंचं ऑफिस म्हणजे त्यांच्या घरातलीच पुढची खोली, मध्ये पडदा, पडद्यामागे त्यांची आई कुकर लावतेय. बाई चाळिशीच्या आसपास, केसांचा घट्ट अंबाडा, आठ वर्षं ट्रक नि टेम्पोखाली आलेल्यांच्या केसेस लढत होत्या. कोर्टातले बाकीचे वकील त्यांना हसायचे, म्हणायचे लंगड्यालुळ्यांची वकील. त्यांनीच सांगितलं मला, हसत हसत. आणि म्हणाल्या, "डॉक्टरवरची ही माझी पहिलीच केस. एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध बोलायला येत नाही गं. मला पण भीती वाटते, उगाच खोटं कशाला सांगू."

ते ऐकून मला उलट बरं वाटलं. वकिलाला भीती वाटते म्हणजे माझी भीती काही वेगळी नाही.

केस टाकली. मग तारखा, तारखा आणि तारखा. पोरगी रांगली, मग पाय ओढत चालली, मग लोखंडी पट्टीचा बूट आला तिच्या पायात. शेजारणी म्हणायच्या, मुलगी ती मुलगी, तिच्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या कसल्या चढता? सासू म्हणायची, "माझी नात आसा, तुझी नाय."

चार वर्षांनी माझी साक्ष लागली. त्याआधी वकीलबाईंनी बोलावलं, सासू पण आली बरोबर. बाईंची एक रीत होती, तोंडाने सांगितलेलं त्या लगेच लिहून घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, सांगू नकोस, दाखव. ट्रकवाल्या केसमध्ये माणसाला जमिनीवर बसवून काड्यापेट्या मांडायला लावायच्या, हा रस्ता, हा ट्रक, हा तू. मला त्यांनी टॉवेलची गुंडाळी करून दिली. म्हणाल्या, ही तुझी पोर. सासूला म्हणाल्या, आजी, आत माझ्या आईला जरा सोलकढी कशी करतात ते सांगता का, तिची दरवेळी फाटते. सासू खूश होऊन आत गेली.

"आता मालिश दाखव."

मी पाय पसरून बसले, टॉवेल पायावर आडवा, हात आपोआप चालले. छाती, पोट, मांड्या, पाठ.

"छान. आता इंजेक्शन दिलं त्या दिवशी सकाळी काय केलंस ते दाखव."

मी टॉवेल उचलला, एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने फडकं पिळल्यासारखं केलं आणि पुसायला लागले. मान, काख, तळवे. आणि मला कळलंच नाही मी काय केलं ते, बाईंचा चेहरा बघितला तेव्हा कळलं.

"तेल कुठंय?" त्या हळूच म्हणाल्या.

मी रडायलाच लागले. आतून सासूचा आवाज येतोय, "नारळ ताजो व्होयो, ताजो!" आणि मी इकडे तोंडाला पदर लावून सगळं ओकून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. पण डोकं धरून बसल्या. म्हणाल्या, "अगं वेडे, तो डॉक्टर चार वर्षं हेच सांगतोय की मालिशीने झालं. त्यांचा वकील चाळीत विचारून गेलाय, सगळे म्हणाले रोज मालिश व्हायची. तू कोर्टात पण तेच म्हणालीस तर पोरीची केस संपली. खरं बोल. आणि आधी घरी सांग, सासूला कोर्टात धक्का नको."

तीन आठवडे होते हातात. रोज ठरवायचे, आज सांगते. भाकरी थापताना सांगते, कपडे वाळत घालताना सांगते. नाही सांगितलं. साक्षीच्या दिवशी सासू नवं लुगडं नेसून मागच्या बाकड्यावर बसली, पोरगी तिच्या मांडीवर.

समोरचा वकील इतका गोड बोलायचा, मला वाटलं चिडला असता तर सोपं गेलं असतं. म्हणाला, "ताई, तुम्ही चांगली आई आहात. बाळाची मालिश रोज करायचात ना?"

मी मागे बघितलं. सासू जोरजोरात मान हलवतेय, हो म्हण, हो म्हण.

 मी कठडा धरला. "रोज करायचे. पण ताप आला त्या दिवसापासून नाही केली. फक्त पुसून काढलं."

 वकिलाने कागद चाळले. "पण घरी तर तुम्ही रोज केली म्हणून सांगितलंत. म्हणजे तुम्ही खोटं बोललात?"

"हो. सासूला बोलले."

"मग आज खरं बोलताय हे कशावरून?"

मी वकीलबाईंकडे बघितलं तर त्या खाली बघत बसलेल्या, पेन घट्ट धरून. मग माझ्याच तोंडून निघालं, "साहेब, सासू मागे बसलीय. तिच्यासमोर बोलतेय. तुमच्या शपथेपेक्षा ते अवघड आहे."

जज्ज साहेब हसू दाबत काहीतरी लिहायला लागले. गोड वकिलाने पुढे पण विचारलं बरंच, पण मालिशीचं परत काढलं नाही.

बाहेर व्हरांड्यात आले तेव्हा सासू पोरीचा बूट नीट करत बसलेली, वर बघेना. मी म्हटलं, "आई." तशी ती उसळली.

"तापात खंय कोण मालिश करता गो? मी तरी केलंय असतंय? डोक्यात काय भुसो भरलो हा तुझ्या? चार वर्सां माका नळावर भांडूक लावलंस!" आणि मग आवाज खाली आला. "माका सांगूक काय झाला होता तुका. मी काय वाघीण आसंय?"

मी रडत होते. वकीलबाई काळा कोट हातावर घेऊन आल्या, दोघींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्या सुनेने आज माझ्यापेक्षा चांगली वकिली केली." सासू म्हणाली, "मगे, सून कोणाची?"

निकाल लागायला आणखी वर्ष गेलं. बाईंनी इंग्रजी कागद घेऊन मला त्यातलं एकच वाक्य मराठीत वाचून दाखवलं, की पायाला इजा झाली ती चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनमुळे, आईच्या हातामुळे नाही. मी म्हटलं परत वाचा. त्यांनी परत वाचलं. जे पैसे मिळाले ते पायाच्या ऑपरेशनला लागले. पोरगी आता शाळेत जाते, थोडी लंगडते, पण लंगडीच्या खेळात तिला कोणी धरू शकत नाही.

वकीलबाईंकडे मग कांदिवलीपासून गोवंडीपर्यंतची माणसं यायला लागली, सगळी डॉक्टरवर चिडलेली. निम्म्यांना त्या परत पाठवतात. म्हणतात, माणूस दगावला म्हणजे दरवेळी डॉक्टर चुकला असं नसतं, घरी जा, रडून घ्या. उरलेल्यांना टॉवेल देतात.

माझा दुसरा आता सहा महिन्यांचा आहे. मागच्या महिन्यात त्याला ताप भरला. दवाखाना दुसरा, डॉक्टर दुसरा, पण कंपाउंडर तसाच घाईत, सुई हातात घेऊन म्हणतो, उलटा करा.  मी पोराला छातीशी धरून ठेवला.

"कुठे देताय ते आधी दाखवा."

"ओ बाई, मागे लाईन आहे. तुम्ही काय नर्स आहात?"

"नाही," मी म्हटलं. "मी केस केली होती."

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि डॉक्टर स्वतः उठून बाहेर आला. त्याने पोराच्या मांडीवर बाहेरच्या बाजूला बोट टेकवून मला दाखवलं. "इथे. चालेल?"

मी म्हटलं, "द्या."