त्रिवेणीताईंचा सरळ प्रश्न

विद्यानगरात बायकांना स्कूटर शिकवणाऱ्या त्रिवेणीताईंकडे बासष्ट वर्षांचे नामदेवराव शिकायला आले, तेव्हा त्या हसल्याच. आयुष्यभर त्यांची बायको शैला गाडी चालवायची आणि हे मागे बसायचे. ती जाऊन आठ महिने झाले होते. बेंगळुरूच्या लेकीनं, रेणूनं, हट्टानं बाबांचं नाव घातलं होतं.

"हल्लू, काका, हळूच! म्हैस आहे ती, बाजूला नाही होणार!" ताई मागच्या सीटवरून ओरडत. समोर चेहरा नसल्यामुळं असेल, शिकणाऱ्या बायका गाडीवर मनातलं सगळं बोलून जात. सासू, नवरा, नोकरी. नामदेवराव मात्र नुसतं "हौ" म्हणत.

बाराव्या दिवशी विद्यापीठाच्या रिकाम्या रस्त्यावर ते आपणहून बोलले.

"ताई, शैलाची ही गाडी तुम्हीच ठेवा. कागद, किल्ल्या, सगळं पाकिटात घालून ठेवलंय. मागं रेणूला त्रास नको."

"मागं म्हणजे?"



ताईंनी गाडी झाडाखाली थांबवायला लावली.  त्यांच्याकडेच गाडी शिकलेली मनोविकारतज्ज्ञ श्रुती एकदा म्हणाली होती, की असं काही जाणवलं तर सरळ विचारावं. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट ओझं उतरतं.

"काका, जीव द्यावासा वाटतो का?"

नामदेवरावांनी हेल्मेट काढलं. "वाटतं. सकाळी उठलं की जास्त." मग म्हणाले, "सगळे जेवलात का, एवढंच विचारतात हो."

ताईंनी उपदेश केला नाही. "बरं झालं मला सांगितलंत. आज मी तुम्हाला एकटं सोडत नाही," एवढंच म्हणाल्या. पुढच्या दोघी शिकणाऱ्यांना नका येऊ म्हणून कळवलं, काकांसमोरच श्रुतीला फोन लावला, मग रेणूला. दुपारी दोघं श्रुतीच्या दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी रेणू काचीगुडा स्टेशनवर उतरली आणि महिनाभर राहिली.

औषधं सुरू झाली, दर आठवड्याला श्रुतीकडे बोलणं सुरू झालं. ताईंचा सकाळी सातला फोन ठरलेला. "उठलात? मन कसंय? खरं सांगायचं." कधी "बरं नाही" असं उत्तर आलं, की अर्ध्या तासात ताई चहाला हजर.

लायसन्सच्या परीक्षेत गाडीनं आठचा आकडा काढताना नामदेवरावांनी पाय टेकले आणि नापास झाले. रेणूला फोन करून स्वतःच हसत म्हणाले, "तुझ्या आईनं पहिल्या फटक्यात आठ काढला होता. माझा नऊ झाला!" दुसऱ्या खेपेला जमलं.

दिवाळीला रेणू आली, तर स्टेशनबाहेर बाबा स्कूटर घेऊन उभे. वाट वाकडी करून ते चिक्कडपल्लीच्या इडलीवाल्याकडे निघाले. वाटेत मागे बसलेली रेणू तीनदा किंचाळली.

"बाबा, बस! बस आली!"

"दिसतेय मला. ओरडू नको, मला इडली खायचीय."