जुन्या घडणीची नवी बेस

नव्वदच्या दशकात मी आणि माझा मित्र, दोघंही एकाच मास्तरांकडे बेस गिटार शिकलो. मास्तर कोल्हापुरातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये वाजवायचे. आमच्या गिटारी म्हणजे लाकडाची भरीव फळी. त्यांची मात्र तीसेक वर्षांपूर्वीची, परदेशी, आतून अर्धी पोकळ. पोटावर व्हायोलिनसारखी दोन वळणदार भोकं, रंग मधाचा. तिचा सूर छातीत घुमायचा. मास्तरांचं सामान मीच उचलायचो, त्यामुळे ही गिटार पुढे माझ्याकडेच येणार असं मी मनाशी धरून चाललो होतो. हात थरथरायला लागले तेव्हा मास्तरांनी ती गोव्याच्या एका वादकाला देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. मी दोन महिने त्यांच्या दाराकडे फिरकलो नाही.

मित्र वारणानगरच्या कॉलनीत राहायचा आणि एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. मी दुसऱ्यात. दोन हजार सालानंतर कधीतरी तो एका रविवारी मोटारसायकलवर लांबलचक पेटी बांधून माझ्याकडे आला. त्याचा मेहुणा जहाजावर नोकरीला होता. जुन्या गिटारींची हुबेहूब नवी आवृत्ती तेव्हा कंपन्या काढायला लागल्या होत्या, त्यातली एक त्याने आणली होती. मित्राने माझ्याच कॉटवर पेटी उघडली. तोच मधाचा रंग, तीच भोकं, बटणंसुद्धा तशीच. फक्त स्क्रू नवेकोरे चमकत होते.

त्याने ती माझ्या हातात दिली. मी चार सूर वाजवले, तोच घुमणारा सूर, आणि ती लगेच पेटीत ठेवली.

"नक्कलच शेवटी," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. माझा कान त्याच्यापेक्षा चांगला आहे असं तो सगळ्यांना सांगायचा. मग त्याने विचारलं, "स्टेजवर हिची काय काळजी घ्याय लागती काय रं? मास्तरांचं तू जास्त बघितलंयस."

मला माहीत होतं. पोकळ गिटार मोठ्या आवाजात स्पीकरच्या बॉक्ससमोर धरली की स्वतःच घुमायला लागते आणि थांबत नाही. म्हणून मास्तर भोकांत स्पंजाचे तुकडे कोंबायचे आणि बॉक्सपासून बाजूला, तिरके उभे राहायचे. ते तुकडे मी स्वतः कापून दिलेले होते.

"काय न्हाय," मी म्हणालो. "वाजव बिनधास्त."

गणपतीत मित्राच्या ऑर्केस्ट्राचा कुरुंदवाडला कार्यक्रम होता. घरी मी नृसिंहवाडीला दर्शनाला जातो म्हणून सांगितलं. दर्शनही घेतलं. देवापुढे काय मागितलं ते लिहायची मला अजून लाज वाटते. तिथून जवळच कुरुंदवाडला कार्यक्रमाला गेलो. दुसऱ्याच गाण्यात गिटार घुमायला लागली. घूं असा आवाज वाढतच गेला. त्याने बटणं फिरवली, तारांवर तळहात ठेवला, काही उपयोग झाला नाही. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पावणं, म्हस आवरा की!" लोक हसले. ऑर्केस्ट्राच्या मालकाने त्याला खुणेने खाली बसवलं आणि पुढचा सगळा कार्यक्रम कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस वाजवून निभावला.

शेंगदाण्याच्या गाड्यामागे मी उभा होतो. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, खूप झाला.

पुढच्या आठवड्यात तो स्वतःच माझ्याकडे आला. गिटार मेहुण्याला परत देणार म्हणाला. माझ्या बायकोने चहा आणून दिला.

"तू म्हणालतास ते खरं निघालं," तो म्हणाला. "नक्कलच ती. मला पयल्यांदाच कळाय पायजे होतं."

त्याने मला शिवी दिली असती तर मी गप्प बसलो असतो. पण तो माझ्यावर विश्वास ठेवून बसला होता, ते मला सोसेना. मी सांगून टाकलं, दोष गिटारीचा नाही, भोकात स्पंज घालावा लागतो, बॉक्ससमोर उभं राहायचं नसतं.

"तुला कवा कळलं?"

"पयल्यापासनं म्हाईत हाय."

 तो चहा अर्धा ठेवून उठला आणि गाडी सुरू करून निघून गेला.

गिटार त्याने परत दिली नाही. पुढच्या हंगामात मी त्याला ऐकायला गेलो, तर मास्तर पहिल्या रांगेत बसले होते. त्याने त्यांना रिक्षाने आणलं होतं. तो वाजवायला लागला तसे मास्तरांनी डोळे मिटले आणि त्यांची थरथरती बोटं गुडघ्यावर हलायला लागली. सूर थेट छातीत आला, पूर्वी यायचा तसाच. त्याची गिटार आणि समोर बसलेले मास्तर, दोन्हींचा मला हेवा वाटला. मास्तरांना असं ऐकायला आणावं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

बोलणं आमचं बंद झालं नाही. भेटला की पोरांची चौकशी करायचा. वाजवण्यातलं मात्र त्याने मला पुन्हा कधी विचारलं नाही.

एकदा ओळखीतल्या लग्नात दोघंही होतो. मी एका गाण्यापुरती गिटार मागितली. त्याने खांद्यावरून उतरवून दिली. ती माझ्या हातात वाईट वाजली असती तर बरं झालं असतं, सुरेख वाजली. गाणं संपलं तरी मी तसाच उभा होतो. शेवटी तोच पुढे आला आणि माझ्या खांद्यावरचा पट्टा हलक्या हाताने काढून घेतला.