एक हजार नऊची थप्पी

वाडीत माझ्या खोलीच्या खालच्या खोलीत राहून गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या ताईंनी मला वाचवलं. हे आधी लिहितो.

मी कोकणातला, आठवीत शाळा सुटलेला. इथे, गावापासून लांब, वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवतो. आमच्याकडे बॉक्स एक-एक मोजत नाहीत. सारख्या ओळींची थप्पी लावायची, ओळी मोजून गुणायचं. थप्पी पुरी बसली की माल बरोबर, असंच सगळे धरून चालतात.

त्या दिवशी बिस्किटांचा ट्रक आला. मालासोबतचा कागद, बिल्टी, भिजून तिच्यावरचा बॉक्सांचा आकडा पुसला होता. मी आणि माझ्या जोडीच्या म्हाताऱ्या हमालाने दहा-दहाच्या ओळी लावल्या. शेवटच्या ओळीत नऊच.

"एक कुठं गेला?" सुपरवायझर म्हणाले. "आठाच्या लावा."

आठाच्या लावल्या, तर एक उरला.

"वा गा! मघाशी कमी, आता जास्ती! मी चहाले गेलो तं आणून ठेवला काय?" सुपरवायझर ओरडले.

त्यांनी सगळ्यांसमोर म्हाताऱ्याची पिशवी उलटी केली. भाकरी पडली, तंबाखूची डबी पडली. माल पाठवणाऱ्याचा फोन लागेना. "कबूल करा, नाही तं पोलीस बोलावतो."

मी एक-एक करून मोजले. एक हजार नऊ. ताईंना फोनवर कसाबसा तो आकडा सांगितला. शिकवणी अर्धी टाकून त्या आल्या, आणि सुपरवायझरांपुढे खडूचे तेरा तुकडे ठेवले.

"भाऊ, सहा-सहाच्या ओळी लावा."

"एक उरला."

"आता सात-सातच्या."

"एक कमी पडते."

"मंग चोरला कोनं?" ताईंनी विचारलं. "लावून तं तुम्हीच राहिले!"

एक ड्रायव्हर खो-खो हसला. सुपरवायझर नाही हसले.

"एक हजार नऊ तेराचाच भाऊ आहे," ताई म्हणाल्या. "मूळ संख्या. एकतीसपर्यंत भागून पाहिलं मी ऑटोत. बत्तीस बत्तीसे तं त्याच्याही पुढं जाते, म्हणून पुढं पाहाची गरजच नाही. याची पुरी थप्पी कोनाले लावता येत नाही."

"पण कंपनी असा आकडा पाठवन काहून?"

"बनले तेवढे पाठवले असन. त्याईले काय माहीत तुमच्या ओळी?"

पोलीस बोलावणं सकाळवर गेलं. सकाळी फोन लागला: एक हजार नऊच. "चला, माल लावा," एवढंच सुपरवायझर बोलले.

म्हातारा आला नाही. आदल्या संध्याकाळीच फाटकापाशी मला म्हणाला होता, "पिशवी उलटी केली ना गा पोरा. आता आकडा बरोबर निघून काय होते?" त्याच्या खोलीला कुलूप होतं.

माझं काम राहिलं, पण ओळ अपुरी पडली की आजही मी एक-एक बॉक्स पुन्हा मोजतो. रोज सकाळी ताईंचं पाणी भरून देतो. तेवढ्यानं फिटत नाही, ठाऊक आहे. ताई, कसं ते अजून सुचत नाही, पण एक दिवस तुमचे हे उपकार मी फेडीन.