कप्तानाचा एकुलता गोल

"गोल तो होते रहते हैं जी!"

समोरच्यांनी आमच्यावर गोल चढवला, की आमचा कप्तान जाळ्यातून स्वतः चेंडू काढून आणायचा, गोलकीपरच्या पाठीवर थाप मारायचा आणि हे वाक्य म्हणायचा. तेही असं हसून, की गोलकीपरला वाटावं आपण काहीतरी पुण्याचं काम केलंय. आमच्यावर गोल फार व्हायचे, त्यामुळे वाक्य मला लवकरच पाठ झालं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यांची बदली चंडीगडला झाली. क्वार्टरसमोरच सेक्टरचं मैदान. मी कोल्हापूरची, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉलवर वाढलेली. इथला क्लब खालच्या डिव्हिजनमधला, त्यातही तळाचा. पण फुटबॉल तो फुटबॉल. पहिल्याच रविवारी विणकाम घेऊन मी मैदानाच्या कडेला जाऊन बसले. ह्यांनाही नेलं.

कप्तान बॅकला खेळायचा. धिप्पाड सरदारजी, वीज खात्यात नोकरीला. कुणाला पाडलं की आधी त्याला उचलून उभा करायचा, त्याच्या चड्डीवरची माती झटकायचा आणि मग चेंडूमागे धावायचा. तोवर चेंडू कुठल्या कुठे गेलेला. असा बॅक तुम्ही कधी पाहिलाय?

मी ओरडायची, "हाण! हाण की!"

हे पुटपुटायचे, "अगं, लोक बघतायत."

"बघू देत की!"

एकदा मध्यंतरात कप्तान घाम पुसत माझ्याकडे आला. "भैणजी, आप इतनी ज़ोर से हाँ किस बात की करते हो?"

"हाँ नहीं हो, हाण! मतलब, मारो!"

तो इतका हसला, की डोक्यावरचा पटका सैल झाला. दुसऱ्या हाफमध्ये अख्खी टीम एकमेकांना "हाण ओय!" म्हणत होती. हरलो ते हरलोच, पण हरताना एवढी मजा मला कोल्हापुरातही आली नव्हती.

मग एका हंगामात त्याच्या गुडघ्याने दगा दिला. त्यातच शेवटचा सामना जिंकला नाही तर क्लब लीगमधून बाहेर, अशी पाळी आली. "ये मैच खेल लूँ भैणजी, फिर बस," तो म्हणाला. त्या दिवशी तो हसत नव्हता.

सामना संपत आला तरी गोल नाही. तेवढ्यात आम्हाला कॉर्नर मिळाला, आणि पायांच्या गर्दीतून चेंडू सुटून नेमका कप्तानापुढे आला. आयुष्यात त्याने एकही गोल केला नव्हता. माझ्या मांडीवरची लोकर घरंगळत गेली. "हाण!" मी किंचाळले. त्याने हाणला. गोल!

आता गोल केल्यावर काय करायचं असतं, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक? तो पळतच सुटला. मैदानाबाहेर, रस्त्यावर, थेट चौकातल्या गोल बागेला वळसा घालायला! दुखरा गुडघा घेऊन, दोन्ही हात वर करून. सायकलवाले घंट्या वाजवत थांबले.

इकडे रेफरीने खेळ सुरू केला. आमचे दहाच जण. समोरच्यांचा फटका आमच्या गोलच्या आडव्या दांडीवर आदळला. एवढ्यात शेजारी खुर्चीवर चढून कुणीतरी शुद्ध मराठीत गर्जलं, "अहो कप्तान, या की लवकर!" पाहते तर आमचे हे!

कप्तान धापा टाकत रेषेपाशी आला आणि शाळेतल्या मुलासारखा हात वर करून उभा राहिला. "आ जाऊँ, सर जी?"

"आइए हुज़ूर! सैर हो गई?" रेफरीला हसू आवरेना.

आम्ही जिंकलो. क्लब वाचला. कप्तानाला उचलायला सगळे धावले, पण तो कुणाच्याच्याने उचलला जाईना. मग त्यानेच ह्यांना उचललं आणि मैदानभर नाचवलं. ह्यांचा चष्मा दुसऱ्या दिवशी गवतात सापडला.

त्याच उन्हाळ्यात तो धाकट्या भावाकडे कॅनडाला गेला, तो गेलाच.

नव्या हंगामात गोलकीपरला कप्तान केलं. पहिल्या सामन्याला त्याने नाणेफेक जिंकली. "कौनसी साइड लोगे?" रेफरीने विचारलं. कप्तानाला विचारून सांगतो, अशा सवयीने तो मागे वळला. त्याच्याबरोबर आम्हीही सगळे वळलो.

मागे नुसतं हिरवंगार मैदान होतं.