फुलचंदच्या टाक्यातले सात मासे

वामनराव गुरुजींनी फुलचंद राठोडचे सात मासे मारले, तेही मनात काही नसताना. कपाशीवर फवारणी झाली, बांधापलीकडे फुलचंदचं सिमेंटचं टाकं भरलेलं होतं, म्हणून गुरुजींनी पंप त्याच्या कठड्यावर ठेवून विसळायला घेतला. पंप कलंडला. तासाभरात सातही मासे पोट वर करून तरंगू लागले.

गुरुजींनी घाईघाईनं टाकं नाल्यात रिकामं केलं, घासलं, पुन्हा भरलं, आणि तलावावरच्या भोयाकडून जिवंत मासे आणून सोडले. मोजून सात. निवृत्त झाले तरी मास्तरच. पटसंख्या चुकू देणारे नव्हते.

फुलचंदचा आपल्या माशांवर फार जीव. पाणी पिण्याआधी तो टाक्यात डोकवायचा. मासे पोहत असले तरच तांब्या बुडवायचा. तांड्यात त्याची थट्टा व्हायची. त्याच्या ऑटोला वायपर नव्हता, त्यानंच उपटून टाकलेला. पावसात एका हातात हँडल, दुसऱ्या हातात फडकं, आणि मागं सवाऱ्या देवाचं नाव घेत बसलेल्या. सगळ्यात मोठी थट्टा मात्र आफ्रिकेची. राजूरला कोळशाचा टिप्पर चालवणारा हा माणूस तिकडच्या सोन्याच्या खाणीवर ड्रायव्हर म्हणून गेला, नि वर्षाच्या आत परतला.

"सोन्याच्या खानीतून आला, अन् माह्या नाकात साधी चमकी नाही," त्याची बायको हंसाबाई पाहुण्यांना सांगायची. तो का परतला, हे मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी फुलचंद आला, टाक्यात डोकावला नि तिथंच थबकला.

"गुरुजी, हे माहे मासे नोहेत. त्यात एक फाटक्या शेपटीचा होता."

"शिवून घेतली असंन त्यानं."

फुलचंद हसला नाही. गुरुजींनी मग सगळं कबूल केलं. पाणी नाल्यात सोडलं, हे ऐकताच त्यानं काठी उचलली.

"चाला. ढोरं पान्यावर यायची वेळ झाली."

दोघं नाल्याच्या काठी उभे राहून ढोरं परतवू लागले. गुराखी करवादत होता. एका म्हशीपुढं तर गुरुजींनी हात जोडले. जरा उसंत मिळाली तसा फुलचंद पाण्याकडे बघत बोलू लागला.

"तिकडं दगडातून सोनं काढाले सायनाईड लागते. वापरलेलं पानी तलावात साठवत. एक दिवस तलाव काठोकाठ भरला. साहेब म्हने, टँकर ओढ्यात खाली कर. म्या टँकरचा वॉल फिरवला. दुसऱ्या दिवशी गावच्या बाया रस्त्यात बसल्या, मेलेल्या माशांच्या टोपल्या घेऊन. मांगं सारं गाव. खान बंद करा म्हनत होते, पन कोनी एक दगड मारला नाही. एक म्हातारी, माह्या मायच्या वयाची, उठली अन् एक मासा माह्या टँकरच्या वायपरखाली दाबून गेली. म्या गडबडीत वायपर चालू केला."

काठी आडवी धरून त्यानं एक वासरू मागं लोटलं.

"तो मासा काचेवर इकून तिकडं जाऊन राह्यला, गुरुजी. अजून जाते."

गुरुजींच्या ओठांवर आलेला विनोद तिथंच मेला.

त्या गावानं आता कंपनीवर केस केली होती. पावसानं तलाव आपोआप फुटला, असं कंपनी म्हणत होती. गावाच्या वकिलानं फुलचंदला शोधून काढलं होतं, आणि उद्या सकाळी दहाला व्हिडिओवर त्याची साक्ष होती. त्याला गुरुजी जवळ बसायला हवे होते, बस.

"ऐक माहं," गुरुजी म्हणाले. "साहेब सुटून जाईन अन् तू अटकशीन. पोरगी शिकून राह्यली तुही. तुले त्या ओढ्यावर पाह्यलं कोनी?"

"कोनी नाही."

"मंग कायले सांगतं?"

फुलचंदनं शेवटची गाय वळवली.

"वॉल म्या फिरवला, गुरुजी."